झाडं तोडायची आहेत आणि खाली बॅजरचं घर आहे: उत्तर इंग्लंडातल्या वनकामाबद्दल

पाचोळा

नमस्कार. मी उत्तर इंग्लंडात, कंब्रियामध्ये वनव्यवस्थापनाच्या कामात आहे. कुठल्या रानात विरळणी करायची, कुठे सरसकट तोड, यंत्रं कुठल्या वाटेने आत जाणार, लाकूड कुठे रचणार, याचे नकाशे आणि वेळापत्रकं मी करते. मागे एका धाग्यावर लाकूडतोडीबद्दल बोलताना मी बॅजरचा उल्लेख केला होता, तेव्हा काही जणांनी सविस्तर लिहायला सांगितलं. म्हणून हा धागा.

आधी प्राणी. युरोपीय बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला. बसका, राखाडी अंगाचा, पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे, वजन साधारण दहा-बारा किलो. मुख्यतः निशाचर. मुख्य खाणं गांडुळं, शिवाय किडे, कंद, फळं, जे मिळेल ते. चार-सहा जणांचं कुटुंब एकत्र राहतं आणि जमिनीखाली बिळांची मोठी वसाहत करतं. तिला इथे सेट म्हणतात. मुख्य सेटला कधी दोन-चार तोंडं असतात, कधी कित्येक डझन. आतले बोगदे सगळे मिळून शंभर मीटरच्याही पुढे जातात, त्यांत गवत-पाला अंथरलेल्या झोपायच्या आणि विण्याच्या खोल्या असतात. काही सेट शतकानुशतकं पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत. वरचं रान दोन-तीनदा तोडून पुन्हा लावलं गेलं तरी खालचं घर तेच राहिलेलं असतं. मला या कामात सगळ्यात जास्त जाणवते ती हीच गोष्ट. आम्ही चाळीस वर्षांच्या झाडांचा हिशोब करतो आणि ज्याच्या डोक्यावर उभं राहून करतो ते घर त्याहून कितीतरी जुनं असतं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. कुत्र्यांकडून बॅजर फाडण्याचा खेळ इथे १८३५ मध्येच बेकायदा झाला, पण चोरून चालूच राहिला, आजही चालतो. खास बॅजरसाठी पहिला कायदा १९७३ चा. त्यात प्राण्याला संरक्षण होतं, घराला नव्हतं. घराला ते १९९१ मध्ये मिळालं आणि सगळं एकत्र करून १९९२ चा बॅजर संरक्षण कायदा झाला. आता सेटची मोडतोड करणं, तोंड बुजवणं, आत कुत्रा सोडणं, आत असलेल्या बॅजरला त्रास देणं हे सगळे गुन्हे आहेत. इंग्लंडात सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही. मुद्दाम केलं नाही एवढं म्हणून सुटका होत नाही, बेफिकिरीने झालेलं नुकसानही त्यात येतं. आणि वृक्षतोडीचा परवाना हातात असला म्हणून बॅजरच्या कायद्यातून सूट मिळत नाही. हे दोन कागद पूर्ण वेगळे आहेत आणि जमीनमालकांना नेमकं हेच पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं.

आता नुकसान कसं होतं ते. लोकांना वाटतं की झाड पडल्याचा आवाज, करवतीचा गोंगाट यांनी प्राणी पळून जातो. बॅजर आवाजाला बऱ्यापैकी सरावतो. खरा धोका वजनाचा आहे. झाड धरून, कापून, फांद्या सोलून तुकडे करणारं हार्वेस्टर वीस टनांच्या आसपास असतं. लाकूड भरून बाहेर नेणारं फॉरवर्डर भरल्यावर त्याहून जड होतं आणि त्याच वाटेवरून दिवसभर ये-जा करतं. बॅजरचे बोगदे काही ठिकाणी पृष्ठभागापासून हातभर खोलीवर असतात. माती भुसभुशीत, वाळूमिश्रित, कारण बॅजर खणायला तशीच जागा निवडतो. अशा छतावरून चाक गेलं की ते आत बसतं. आत पिल्लं असली तर ती तिथेच गाडली जातात आणि वर कोणाला कळतही नाही.

म्हणून अंतर. वनकामात सर्वसाधारण नियम असा, की सेटच्या कुठल्याही तोंडापासून २० मीटरच्या आत यंत्र न्यायचं नाही. २० मीटर अशासाठी, की बोगदे साधारण तेवढ्या पट्ट्यात पसरलेले असतात. तोंड दिसतं तिथेच घर आहे असं समजणं चूक. बहुतेक घर तुम्ही जिथे उभे आहात त्याच्या खाली असतं.

दुसरं म्हणजे काळ. १ डिसेंबर ते ३० जून हा विण्याचा आणि पिल्लं वाढवायचा काळ धरतात. बॅजरचं मीलन बहुधा वसंतात होतं, पण गर्भ लगेच रुजत नाही, तो डिसेंबरच्या सुमाराला रुजतो. पिल्लं मुख्यतः फेब्रुवारीत जन्मतात, एप्रिलच्या आसपास पहिल्यांदा बाहेर डोकावतात, आणि जूनपर्यंत आईवर अवलंबून असतात. म्हणून सेटजवळचं काम जुलै ते नोव्हेंबरमध्ये बसवायचं.

ऐकायला सोपं आहे. पण मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात. कंब्रियात लाल खारी आहेत, त्यांचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर. हिवाळ्यात जमीन इतकी ओली की जड यंत्राने चिखल ओढ्यात जातो. सगळं वजा केलं की काही रानांमध्ये हातात उरतात शरदातले मोजके आठवडे. त्याच आठवड्यांत प्रत्येकाला हार्वेस्टर हवं असतं.

प्रत्यक्षात आम्ही काय करतो: जुन्या नोंदी मागवतो, त्यासाठी स्थानिक बॅजर गट आणि जिल्ह्याची जैवनोंद केंद्रं असतात. मग फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये रान पायी धुंडाळतो, कारण तेव्हा नेचे आडवे झालेले असतात आणि जमीन दिसते. उन्हाळ्यात छातीएवढ्या नेच्यांमध्ये अख्खा सेट पायाखालून निघून जाईल. सापडलेलं प्रत्येक तोंड नकाशावर घेतो आणि मग तोडीची आखणी करतो. आधी आखणी आणि मग बॅजरची शोधाशोध असा उलटा क्रम झाला की भांडणं होतात. झाडं सेटपासून दूरच्या दिशेला पाडायची. फांद्या-शेंड्यांचा ढीग बिळांच्या तोंडावर किंवा बॅजरच्या पायवाटेवर राहू द्यायचा नाही. त्या पट्ट्यात डिझेल ठेवायचं नाही, जाळ करायचा नाही. सेटच्या डोक्यावरची झाडं शक्यतो तशीच उभी सोडायची. त्यांची मुळं हेच त्या घराचे वासे आहेत.

सेटला किंवा आतल्या बॅजरला धक्का लागेल असं काम २० मीटरच्या आत टाळताच येत नसेल तर परवाना लागतो. इंग्लंडात तो नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेकडून घ्यावा लागतो.

माझं ठाम मत असं की बॅजर वाचतो किंवा मरतो तो यंत्र रानात येण्याच्या सहा महिने आधी, टेबलावर. तिथे नकाशा चुकला तर केबिनमध्ये बसलेला माणूस कितीही भला असला तरी काही करू शकत नाही. प्रश्न विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन.

कातळसडा

फार चांगला लेख. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आमच्याकडे बॅजर नाही, पण खवले मांजर आहे, साळिंदर आहे, आणि खाजगी रानं सरपणासाठी सरसकट तोडली जातात. तोडीनंतर जेसीबी फिरला की बिळं गेली, कोणी मोजतही नाही. मला विचारायचं होतं ते असं, की बीळ बॅजरचंच आहे हे कसं ओळखता? आमच्याकडे माणसं प्रत्येक बिळाला साळिंदराचं म्हणून मोकळी होतात.

पाचोळा

कातळसडा, इथेही हाच घोळ असतो, फक्त इथे प्रत्येक बीळ सशाचं किंवा कोल्ह्याचं ठरतं.

पहिली खूण तोंडाचा आकार. बॅजरचं बीळ उंचीपेक्षा रुंद असतं, तळाला सपाट, वर कमान, किमान वीतभराहून बरंच रुंद. कोल्ह्याचं उभट असतं, आणि वास येतो. सशाचं लहान. दुसरी खूण बाहेरचा मातीचा ढीग. बॅजर फार माती काढतो, ढिगात डोक्याएवढे दगडही सापडतात, आणि मातीत मिसळलेलं जुनं वाळलेलं गवत असतं. तो अंथरूण बदलतो. गवताची गुंडाळी हनुवटीखाली धरून मागे मागे सरकत आत नेतो, त्यामुळे बिळापर्यंत गवताच्या काड्यांची रेघ दिसते.

पावलाचा ठसा रुंद, पाच बोटं जवळजवळ एका ओळीत, आणि पुढे लांब नखांच्या खुणा. जवळपास उथळ खड्ड्यांमध्ये विष्ठा असते, ती कधीच झाकलेली नसते. कुंपणाच्या काटेरी तारेत केस अडकलेले सापडतात: दोन्ही टोकांना फिकट, मध्ये काळा पट्टा. दोन बोटांत फिरवला तर तो गोल फिरत नाही, अडखळतो, कारण केसाचा छेद गोल नसतो. शेताच्या कुंपणावर असा केस सापडला तर मी तिथून वाट धरून उलटी चालत जाते, बहुतेक वेळा सेट सापडतो.

अजून एक, एल्डरची झुडपं आणि खाजकुयलीसारखं झोंबणारं नेटल एकत्र माजलेलं दिसलं की थांबून बघायचं. बॅजर एल्डरची फळं खातो, बिया विष्ठेतून पडतात, आणि खत मिळालेल्या उकरलेल्या मातीत नेटल फोफावतं.

वापरात आहे की नाही हे ठरवणं जास्त अवघड. तोंडावर कोळ्याचं जाळं, आत साचलेला जुना पाला, म्हणजे सध्या ते तोंड वापरात नसावं. शंका असेल तर तोंडात बारीक काड्या सैल उभ्या करून ठेवतात आणि काही दिवस सकाळी बघतात की पडल्या का, किंवा थोड्या अंतरावर कॅमेरा लावतात. पण एका तोंडावरून अख्ख्या सेटचा निर्णय करायचा नाही. कायद्यात सेट म्हणजे चालू वापराच्या खुणा दाखवणारी कुठलीही जागा. त्यामुळे शंका असली की सेट वापरात आहे असंच धरून चालायचं.

वखारवाला

माझ्या घरी तीन पिढ्या लाकडाचा धंदा. लेख आवडला, पण पैशांचं कोणी बोलत नाही. एका तोंडाभोवती २० मीटर त्रिज्या म्हणजे बाराशे-साडेबाराशे चौरस मीटर. दहा तोंडं पसरलेली असली तर किती रान अडकलं? ते लाकूड मालक सोडून देतो? आणि यंत्र रिकामं उभं राहिलं तर त्याचं भाडं कोण भरतं? बॅजर काही नामशेष होत नाहीये ना?

पाचोळा

वखारवाला, रास्त प्रश्न. शेवटचा आधी घेते. नाही, नामशेष होत नाहीये. २०१७ च्या एका अभ्यासात इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे ४,८५,००० बॅजर असल्याचा अंदाज होता. हा कायदा प्राणी दुर्मीळ म्हणून झालेला नाही, त्याच्यावर माणसाने फार क्रूरपणा केला म्हणून झाला. मला हे महत्त्वाचं वाटतं. एखाद्या जिवाला जिवंत गाडू नये, यासाठी तो शेवटचा उरलेला असायची गरज नाही.

आता पैसे. तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तोंडं बहुतेक दाटीने असतात, वर्तुळं एकमेकांवर चढतात, त्यामुळे दहा तोंडांचं क्षेत्र दहापट होत नाही. शिवाय सेट बरेचदा रानाच्या कडेला, उतारावर, शेजारी कुरण असेल तिथे असतात. गांडुळं कुरणात असतात, स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या दाट काळोख्या रानातल्या आंबट जमिनीत फारशी नाहीत. म्हणजे अडकतो तो बहुतेक कडेचा पट्टा, जिथे लाकूड तसंही फांद्यांचं आणि वाकडं असतं. ब्रिटनमध्ये वनमानक म्हणून एक दस्तऐवज आहे, १९९८ पासूनचा, पाचवी आवृत्ती २०२३ ची. त्याप्रमाणे प्रत्येक रानात काही भाग मोकळा आणि काही भाग जैवविविधतेसाठी ठेवावाच लागतो. तो भाग कुठेतरी द्यायचाच आहे तर सेटभोवती द्या, हे मी प्रत्येक मालकाला सांगते. बहुतेक जण मानतात.

राहिलेलं लाकूडही पूर्ण बुडत नाही. पट्ट्याच्या कडेचं झाड बाहेर उभ्या हार्वेस्टरच्या हाताला येत असेल तर चाक आत न नेता ते उचलता येतं. आतलं एखादं झाड माणसाने करवतीने बाहेरच्या दिशेला पाडून तारदोराने ओढता येतं, अर्थात योग्य हंगामात आणि ओढताना बिळं खरवडली जाणार नाहीत अशा बेताने.

यंत्र रिकामं उभं राहतं ते सेट आयत्या वेळी सापडला तरच. पाहणीचा खर्च हा त्या भाड्याच्या तुलनेत काहीच नाही.

आइंडहोवनकर

इथे नेदरलँड्समध्ये बॅजरने मार्च २०२३ मध्ये आमची रेल्वेच बंद पाडली होती! डेन बॉश आणि आइंडहोवनच्या मध्ये एश गावाजवळ रुळांच्या भरावात बोगदे खणले होते, जमीन खचेल म्हणून गाड्या थांबवाव्या लागल्या. फ्रिसलंडमध्येही तेव्हाच तसंच झालं. मला कौतुक याचं वाटलं की बॅजर मारून टाका असं झालं नाही. परवानगी काढून जवळ कृत्रिम बिळं करून त्यांना हलवायचं ठरलं. हजारो प्रवाशांची गैरसोय झाली तरी. इथे रस्त्यांखालून बॅजरसाठी बोगदेही आहेत.

नदीकाठ

एक शंका. मी वाचलं होतं की इंग्लंडात सरकारच लाखो बॅजर मारतंय, बॅजरकडून गाईंना क्षयरोग होतो म्हणून. एकीकडे २० मीटरची काळजी आणि दुसरीकडे हे. मेळ कसा घालायचा?

पाचोळा

नदीकाठ, मेळ बसत नाही, आणि मी तो घालायचा प्रयत्नही करत नाही. २०१३ मध्ये सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशरमध्ये परवान्याने बॅजर मारायला सुरुवात झाली, नंतर बरेच जिल्हे त्यात आले, आणि २०२३ पर्यंत दोन लाख तीस हजारांहून जास्त मारले गेले. क्षयरोग खरा आहे. ज्या शेतकऱ्याची दुभती गाय तपासणीत सापडली म्हणून कापावी लागते त्याचं दुःखही खरं आहे, माझे शेजारी त्यातून गेले आहेत. पण रोग बहुतांशी गाईकडून गाईकडे पसरतो, आणि बॅजर मारून किती फरक पडला यावर शास्त्रज्ञांत अजून जोरदार वाद आहेत. २०२४ मध्ये सरकारने ही हत्या या संसदेच्या मुदतीत थांबवण्याचं जाहीर केलं आहे आणि लस देण्यावर भर द्यायचं म्हटलं आहे.

याचा वनकामाशी एक संबंध आहे. सेट उद्ध्वस्त झाला की कुटुंब फुटतं, बॅजर लांब लांब भटकतात, दुसऱ्या कुटुंबांच्या हद्दीत शिरतात. रोगाच्या दृष्टीने हीच सगळ्यात वाईट अवस्था. म्हणजे ज्यांना बॅजरबद्दल काडीचं प्रेम नाही, त्या शेतकऱ्यांच्याही हिताचं हेच आहे की सेट जागेवर शांत राहावा.

सागवानी

मी विदर्भात वनखात्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त. कूप, म्हणजे तोडीचा रानाचा तुकडा, आखणं, झाडांवर हातोडा मारणं, तोडीच्या वेळी उभं राहणं, सगळं केलं. ताई, तुमचं टेबलाचं म्हणणं पटलं, पण अर्धंच. आमच्याकडे आराखड्यात सगळं लिहिलेलं असायचं. मधमाशांचं झाड सोडा, ढोलीचं झाड सोडा, ओढ्याकाठचं सोडा. तोडणाऱ्या मजुराला ते कोणी सांगायचंच नाही. तो झाडावरचा शिक्का बघायचा. चांदी अस्वल, म्हणजे तुमच्या बॅजरचं लांबचं नातलग, आमच्या जंगलात आहे, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण त्याचं बीळ कूपात कुठे आहे हे शोधायला कोणी गेल्याचं मला आठवत नाही. तुमच्याकडे ही माहिती कागदावरून यंत्रावर बसलेल्या माणसापर्यंत कशी पोचते?

पाचोळा

सागवानी काका, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. बाकी सगळं शिकवता येतं, हे जमवावं लागतं.

हार्वेस्टरच्या केबिनमध्ये पडद्यावर नकाशा असतो, त्यात सेटचा पट्टा लाल दाखवतो. पण दाट झाडीखाली जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं, आणि काही मीटरच महत्त्वाचे आहेत. त्यामुळे जमिनीवरही खूण लागते: पट्ट्याच्या कडेच्या झाडांवर रंग किंवा फीत, चालकाला केबिनमधून, फांद्यांमधून, अंधारातही दिसेल अशा उंचीवर. हे चालक पहाटे अंधारात सुरू करतात, रात्री दिव्यात काम करतात. त्यामुळे दिवसा चालणाऱ्या माणसाच्या नजरेने लावलेली फीत उपयोगाची नाही.

आणि काम सुरू व्हायच्या आधी मी चालकाला घेऊन रानात जाते. फीत दाखवते, आणि फितीच्या आत जाऊन बीळही दाखवते. ज्याने ताजी उकरलेली माती आणि गवताचं अंथरूण डोळ्यांनी पाहिलं, तो माणूस पुढे स्वतःहून फोन करतो, ‘इथे अजून एक तोंड दिसतंय, थांबू का?’ पाहणीत सुटलेली कितीतरी तोंडं चालकांनीच सापडवलेली आहेत. नवं तोंड दिसलं की तिथलं काम थांबवायचं आणि यंत्र आलं त्याच वाटेने मागे घ्यायचं, एवढी सूचना पक्की.

सगळ्यात नाजूक गोष्ट गुप्ततेची. कुत्रे घेऊन बॅजर फाडायला येणाऱ्या टोळ्या आजही आहेत. त्यांना सेट कुठे आहे एवढंच हवं असतं. म्हणून नोंदी जाहीर करत नाहीत, आणि रानातल्या खुणेवर ‘बॅजर’ असा शब्द कुठेही लिहीत नाही. जुन्या भिंतीचे अवशेष, दुर्मीळ झाडं, सेट, सगळ्यांना एकच फीत: आत जाऊ नका. काम संपलं की फीत काढून आणायची आणि नकाशाच्या छापील प्रती परत गोळा करायच्या. चालकाला सगळं सांगायचं आणि बाकी कोणाला काही कळू द्यायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात.

सुमेधा_एडिनबरा

मी इथे स्कॉटिश बॅजर्स या संस्थेच्या पाहण्यांना जाते. पाचोळाने लिहिलंय ते जवळजवळ सगळं इथेही लागू आहे, फक्त परवाना नेचरस्कॉट देतं, आणि २०२० च्या कायद्याने गंभीर गुन्ह्यांना पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सुरुंग किंवा जमिनीत खांब ठोकण्याचं काम असेल तर अंतर १०० मीटर धरतात, वनरस्त्यासाठी दगड फोडताना याचा संबंध येतो.

मला वादळांबद्दल लिहायचंय. २६ नोव्हेंबर २०२१ ला आर्वेन वादळ आलं आणि पूर्व स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात लाखो झाडं एका रात्रीत आडवी झाली. पाच दिवसांनी बॅजरचा विणीचा काळ सुरू. रानात शिरायलाच जागा नव्हती तर पाहणी कशी करणार? पाचोळा, तुमच्याकडे काय केलंत?

पाचोळा

सुमेधा, तो हिवाळा फार कठीण होता.

पडलेल्या झाडाचा धोका उभ्यापेक्षा वेगळा. झाड मुळासकट उपटलं की मुळांचा मोठा गड्डा मातीसकट उभा राहतो. सेटवर पडलं असेल तर बोगदे उघडे पडलेले असतात. आता पडलेलं खोड गड्ड्याजवळ कापलं की त्याचं वजन सुटतं, आणि गड्डा झटकन मागे आपल्या खड्ड्यात बसू शकतो. कापणारा माणूस त्यात मरू शकतो, म्हणून हे काम करणाऱ्यांना त्याचं वेगळं शिक्षण असतं. खाली बॅजर असला तर त्याचंही तेच. आम्ही रस्ते, विजेच्या तारा आणि घरांजवळची झाडं आधी घेतली, ज्यात थांबणं शक्यच नव्हतं. जुन्या नोंदींमध्ये सेट होते तिथली पडझड जुलैपर्यंत तशीच ठेवली. काही ठिकाणी कायमची. पडलेल्या झाडांच्या गुंत्यात बॅजरला कुत्र्यांपासूनही चांगला आडोसा मिळतो आणि मुळांच्या गड्ड्याखाली तो नवी बिळंही करतो.

वादळापेक्षा मला लार्च या सूचिपर्णी झाडाचा रोग अवघड वाटतो. फायटोफ्थोरा रॅमोरम नावाची बुरशीसारखी लागण, लार्चवर इथे २००९ मध्ये नैऋत्य इंग्लंडात पहिल्यांदा दिसली, आता कंब्रियातही आहे. लागण सापडली की तोडीची सरकारी नोटीस येते आणि तारीख ठरलेली असते. ती तारीख फेब्रुवारीत पडली तर एक कायदा तोडा म्हणतो, दुसरा हात लावू नका म्हणतो. अशा वेळी नोटीस देणारी आणि बॅजरचा परवाना देणारी अशा दोन्ही संस्थांना पहिल्या दिवशीच एकत्र बोलवावं लागतं. सेटपासून लांबची झाडं आधी तोडायची, पट्ट्यातली जुलैपर्यंत ठेवण्याची परवानगी मागायची, नाहीच मिळाली तर परवाना काढून, जाणकार उभा ठेवून, यंत्र बाहेर ठेवून हाताने तोड. १९९२ च्या कायद्यात एक बचाव आहे, की नुकसान हा कायदेशीर कामाचा आनुषंगिक परिणाम होता आणि ते रास्तपणे टाळता येण्यासारखं नव्हतं. काही जण त्यावर विसंबून कामाला लागतात. मला ते मान्य नाही. परवाना मागता येत असताना तो न मागणं म्हणजे टाळता येण्यासारखंच होतं.

कातळसडा

पुन्हा लागवड करताना काय? आमच्याकडे तोडीपेक्षा नंतरचं सपाटीकरण जास्त मारतं.

पाचोळा

तुमचं निरीक्षण इथेही खरं आहे. तोड एकदा होते, पण लागवडीसाठी खोदयंत्राने ओळीने मातीचे उंचवटे करतात, खुंट काढतात, चर मारतात. तोपर्यंत तोडीच्या वेळची फीत गेलेली असते आणि ठेकेदारही दुसरा असतो. म्हणून सेटचा पट्टा कायमच्या नकाशात जायला हवा, त्या एका कामाच्या फाइलीत राहून उपयोग नाही. पट्ट्यात नवीन झाडं लावत नाही, लावलीच तर कडेला देशी रुंद पानांची, हाताने.

आणि कुंपण. हरणं-सशांपासून रोपं वाचवायला जाळी लावतात, ती नेमकी बॅजरच्या वाटेवर येते. बॅजर आपली वाट सोडत नाही, जाळी फाडतो किंवा खालून उकरतो, मग ससे आत. त्यासाठी जाळीत दोन्हीकडे झुलणारं जड लाकडी दार बसवतात. बॅजर डोक्याने ढकलून जातो, सशाला ते ढकलता येत नाही. पहिले काही दिवस दार उघडं बांधून ठेवायचं, वाट पक्की झाली की सोडायचं. ते वाटेवरच हवं, थोडं बाजूला लावलं तर बॅजर त्याच्याकडे बघतही नाही.

तुमच्या भागाबद्दल मी दुरून काय सांगणार, पण महाराष्ट्रात खाजगी जमिनीवरच्या तोडीला १९६४ चा कायदा आहे, परवानगीसाठी अर्ज होतो. निदान त्या वेळी रानात एक फेरी आणि बिळांची नोंद, एवढी मागणी गावातून होऊ शकेल का? खवले मांजराला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे तिथे एक बीळ जाणं बॅजरपेक्षा महाग पडतं.

कातळसडा

होऊ शकेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने खवले मांजरासाठी आमच्याकडे गावोगाव काम केलंय, लोकांना प्राणी माहीत झालाय, खवलोत्सवही झाला. तोडीच्या ठेकेदारांना बीळ दाखवायला नेण्याची तुमची कल्पना मी आमच्या ग्रुपवर मांडतो. आमच्याकडे तोड दिवाळीनंतर सुरू होते, त्याआधी गवत कापलं की फेरी मारता येईल.

बागेश्री

मी लँकेशरमध्ये राहते, रविवारी रानात चालायला जाते. समजा सेटवर लाकूड रचलेलं किंवा चाकांच्या खुणा दिसल्या तर सामान्य माणसाने काय करायचं?

पाचोळा

बागेश्री, फोटो काढा, नकाशावरची जागा नोंदवा, तारीख-वेळ लिहा. बिळात हात घालू नका, लाकूड स्वतः हलवू नका, त्यानेही पुरावा बिघडतो आणि आतल्या प्राण्याला त्रास होतो. काम चालू असेल तर प्रवेशाजवळच्या फलकावर जबाबदार माणसाचा नंबर असतो, आधी त्याला फोन. बहुतेक वेळा तिथेच थांबतं. ठेकेदार ऐकत नसेल किंवा नुकसान झालेलं असेल तर पोलिसांना १०१ वर फोन करून वन्यजीव गुन्ह्यांचा अधिकारी मागा आणि नोंदीचा क्रमांक घ्या. माणसं कुत्रे आणि फावडी घेऊन दिसली तर जवळ जाऊ नका, थेट ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. बॅजर ट्रस्ट या संस्थेलाही कळवा. फोटो मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका, जागा ओळखता येते.